‘हेडमास्तर’मधला जोर

इब्राहिमभाई कागदी तोतरे होते. अधूनमधून एखादं अक्षर अडावं इतकं साधं ते नव्हतं. दुकानात ‘मीठ’ मागायचं झालं तर ‘म’वर मिटलेले ओठ मिटलेलेच राहायचे, मान उजवीकडे ओढली जायची, गळ्याची शीर टरारून फुगायची आणि दुकानदार ‘मिरची? मसाला? मूग?’ असं एकेक नाव घेत सुटायचा. म्हणून घरचा सगळा बाजार बिबिजानभाभी करायच्या. जुन्नरच्या पेठेत त्यांना ‘तोतरा इब्राहिम’ म्हणत, आणि तेही तोंडावर. उलट उत्तर यायला किती वेळ लागेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हा माणूस आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा.

मी सावळेराम, गाव अवसरी खुर्द. १९५२ साली या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलो. शाळेचं नाव सांगत नाही, पुढं का ते कळेलच. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला कोट. त्यांनी खिशातून कागदाचा कपटा काढला, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर सरकवलं. ‘आपण नवीन दिसता. डबा आणला नसल्यास माझ्या भाकरीत आपला वाटा आहे.’ अक्षर छापल्यासारखं, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक. मला वाटलं, मुके असावेत. भाकरी अर्धी अर्धी केली आणि मीही कपट्यावरच ‘आभारी आहे’ असं लिहिलं, तेव्हा ते हसले. माझ्या ‘आभारी’तला ‘री’ मी ऱ्हस्व काढला होता. त्यांनी पेन्सिलीनं वेलांटी दुरुस्त करून कागद परत दिला.

मधली सुट्टी संपली, घंटा झाली आणि ते शेजारच्या आठवीच्या वर्गात गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून टेबलावर ठोके ऐकू यायला लागले. एक जड, दोन हलके. मग पुन्हा एक जड, एक हलका. आणि त्या ठोक्यांवर एक मोकळा, भरदार आवाज इंग्रजी बोलत होता. कुठं अडणं नाही, गिळणं नाही. कोणी साहेब तपासणीला आला असावा म्हणून मी दारातून डोकावलो. वर्गात दुसरं कोणी नव्हतं. इब्राहिमभाई टेबलाच्या कडेवर बोट आपटत होते आणि बोलत होते.

हे कसं जमलं ते त्यांनी मला पुढं कपट्यांवर लिहून सांगितलं, तीन-चार दिवसांत थोडं थोडं करून. त्यांचं घराणं हातकागद करणारं. वडील चांदभाईंच्या काळातच धंदा बसला. लढाईच्या वर्षांत हे मॅट्रिक होऊन खडकीला लष्करी गोदामात लागले. काम असं की, गोऱ्या सार्जंटनं यादीतलं नाव वाचायचं, यांनी माल शोधून तेच नाव मोठ्यानं परत म्हणायचं. मालाची नावं हातभर लांब. ‘ॲम्युनिशन-बॉक्स’, ‘मॉस्किटो-नेट’, ‘फायर-एक्स्टिंग्विशर’. पहिल्या दिवशी हे ‘फायर’च्या ‘फ’वर अडले ते अडलेच. सार्जंट काही दयाळू नव्हता. त्याला यादी संपवायची घाई होती. त्यानं पेन्सिल उलटी धरली आणि पेटीच्या झाकणावर त्या शब्दाचे तुकडे वाजवून दाखवले. फायर, एक्स्, टिंग्, ग्वि, शर. पहिला ठोका सणसणीत, बाकीचे नुसते टेकल्यासारखे. म्हणाला, माझ्याबरोबर वाजव. इब्राहिमभाईंनी वाजवलं, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा एक आख्खा लांबलचक शब्द त्यांच्या तोंडातून सरळ बाहेर पडला. ‘मी गोदामामागं जाऊन रडलो,’ असं त्या कपट्यावर लिहिलेलं होतं.

तीन वर्षं त्यांनी ती नावं वाजवली. लढाई संपली, गोदामातली माणसं कमी झाली आणि हे जुन्नरला परतले. चार-पाच वर्षं मिळेल ते काम केलं. तेव्हाचे म्हातारे हेडमास्तर मोठ्या मनाचे. त्यांनी यांना एक तास घ्यायला लावला, स्वतः मागच्या बाकावर बसून ऐकला आणि तात्पुरते म्हणून नेमून टाकलं. ते वर्ष १९५०. ते हेडमास्तर पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन गेले. तात्पुरते हा शब्द मात्र इब्राहिमभाईंना चिकटून राहिला.

त्यांची शिकवायची रीत मी अनेकदा दाराआड उभा राहून ऐकली आहे. मराठीत अर्थ सांगायचा झाला की ते फळ्यावर लिहायचे. बोलायचे फक्त इंग्रजी. आपल्या मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखंच वजन. त्यामुळे आपली पोरं इंग्रजी जोडशब्द म्हणताना सगळीकडे सारखाच जोर लावतात, आणि शब्द लांब असेल तर शेवटाला पोचेपर्यंत दमतात. ते सांगायचे, आधी दोन शब्द कुठं जोडलेत ते बघ, तिथं काप. मग एकेकाचे तुकडे पाड. मग जड तुकडा कुठला ते शोध. सापडला की त्यावर ठोका दे आणि बाकीचे सोडून दे, ते आपोआप जातात. फळ्यावर शब्द लिहून मधे उभ्या रेघा मारायचे आणि जड तुकड्यावर लाल खडूचा ठिपका द्यायचे. ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये ठिपका ‘ब्लॅक’वर असेल तर तो शाळेतला फळा. तोच ‘बोर्ड’वर सरकला तर कुठलीही काळी फळी. मग स्वतःकडे बोट करून म्हणायचे, मी ‘इंग्लिश टीचर’, ठोका ‘इंग्लिश’वर, म्हणजे इंग्रजी शिकवणारा. ठोका ‘टीचर’वर गेला की मी जातीचा इंग्रज होईन. पोरं खदखदून हसायची. त्या वर्गात त्यांना हसू चालायचं. ते हसू निराळं होतं.

खोडद, बेल्हे, ओतूर अशा गावांतनं येणारी पोरं होती ती. घरी ‘व्हतं’, ‘न्हाई’ बोलणारी. दोन वर्षांत ती ‘रिफ्रेशमेंट-रूम’ अशी म्हणायची की ‘फ्रेश’वर ठोका पडून बाकीचं सगळं हळूच निघून जायचं. मला तेवढं येत नव्हतं. अजूनही येत नाही.

म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या जागी दांगट आले. चांगदेव दांगट. काम चोख, शिस्त कडक आणि मान फार जपणारे. त्यांच्याविषयी मी वाईट बोललो तर माझ्याविषयीही बोलावं लागेल, म्हणून घडलं तेवढंच सांगतो.

१९५५ चा हिवाळा. दहावीचा वर्ग चालला होता. इब्राहिमभाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते: पोस्टमास्टर, स्टेशनमास्टर, हेडमास्टर. खोडदचा भिमाजी फळ्यापाशी उभा राहून वाजवून दाखवत होता. पहिल्यात ठोका ‘पोस्ट’वर, दुसऱ्यात ‘स्टे’वर, तिसऱ्यात ‘मास्’वर. नेमके त्याच वेळी दांगट व्हरांड्यातून चालले होते. ते दारात थांबले.

“काय म्हणालास? पुन्हा म्हण.”

भिमाजीनं पुन्हा म्हटलं. ठोका ‘मास्’वर.

“चूक. पोस्टमास्टरला पोस्टवर ना? मग हेडमास्टरला हेडवर. हेडवर जोर दे.”

भिमाजीनं इब्राहिमभाईंकडे पाहिलं. इब्राहिमभाईंनी मान हलवली, नाही अशी. पोरगा घामाघूम झाला, पण त्यानं टेबलावर ठोका दिला तो ‘मास्’वरच. सगळा वर्ग खो-खो हसला.

दांगट निघून गेले. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“हेड हलकं आणि मास्तर जड, असं शिकवता होय? पोरांपुढं माझी टिंगल करता?”

इब्राहिमभाईंनी कपटा घेतला. मी शेजारी होतो, मला दिसलं. ‘टिंगल नाही. हा शब्द अपवाद आहे. कृपया शब्दकोश पाहावा. आघाताची खूण ‘मास्’च्या आधी आहे.’ एवढं लिहून ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी कपाटातून शब्दकोश काढला, ते पान उघडलं, शब्दाखाली बोट ठेवलं आणि दांगटांसमोर धरलं. आम्ही सहा जण बघत होतो. दांगटांनी पाहिलं. खूण ‘मास्’च्या आधीच होती.

त्या दिवशी इब्राहिमभाई चुकले असते तर वाचले असते.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वरून कागद आला. ट्रेनिंग न झालेल्या शिक्षकांनी ट्रेनिंग घ्यावं, नाहीतर त्यांना जूनपासून मोकळं करावं. आमच्या शाळेतून त्या वर्षी एकालाच पाठवता येणार होतं. ट्रेनिंग न झालेले आम्ही दोघं, इब्राहिमभाई आणि मी. निवड करायला पुण्याहून एक साहेब येणार होते.

इब्राहिमभाई नोकरीत मला दोन वर्षांनी जुने. निकाल त्यांचे चांगले. मी मनातून धरून चाललो होतो की जागा त्यांची. माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. वडील अवसरीहून दर आठवड्याला निरोप पाठवत, ‘कायम झालास का?’ हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

आठवडाभर इब्राहिमभाईंनी तयारी केली. शाळेला येणाऱ्या वाटेवर मी मागून चाललो तर त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चाललेलं दिसायचं. आपण कोण, काय शिकवतो, कसं शिकवतो, ते सगळं त्यांनी इंग्रजीत बसवलं होतं.

साहेब आले त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत तिघं बसले होते. साहेब, दांगट आणि संस्थेचे अध्यक्ष गेणभाऊ. गेणभाऊ गुळाचे व्यापारी, मनानं वाईट नव्हते, पण साहेब म्हणतील त्याला हो म्हणणारे. माझी मुलाखत आधी झाली. पाच मिनिटं. अवसरीचा म्हटल्यावर गेणभाऊंनी माझ्या वडिलांना ओळखलं. लिहून घ्यायला माणूस नव्हता आणि माझं अक्षर बरं, म्हणून दांगट म्हणाले, “तुम्ही इथंच बसा, नोंद घ्या.” मी बसलो. नको म्हणायला हवं होतं, ते सुचलंच नाही.

इब्राहिमभाई आत आले. कोट धुतलेला, टोपीला घडी. खुर्चीवर बसले, बोट टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि सुरुवात केली. “गुड आफ्टरनून, सर.” पुढचं वाक्यही तसंच मोकळं आलं. साहेबांनी हात वर केला.

“मराठीत बोला. इंग्रज गेला. आता आपलं मराठी राज्य यावं म्हणून माणसं रस्त्यावर उतरलीत, आणि तुम्ही मला इंग्रजी ऐकवता?”

“बराबर हाय,” गेणभाऊ म्हणाले.

इब्राहिमभाईंचं बोट थांबलं. ओठ मिटले. “म... म...” मान उजवीकडे ओढली गेली. तिघं वाट पाहत राहिले. गेणभाऊंनी सवयीनं त्यांना मदत करायला सुरुवात केली, “मी? मास्तर? मराठी?” साहेबांना हसू आलं, त्यांनी ते रुमालात घेतलं.

मग इब्राहिमभाईंनी अशी गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. त्यांनी मराठी तोडली. इंग्रजी शब्दांसारखेच तुकडे पाडून टेबलावर वाजवत बोलायला लागले. “मी. सहा. वर्षं. शिक. वतो.” सावकाश, प्रत्येक तुकड्यावर एक ठोका. विचित्र वाटत होतं, पण शब्द येत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं आश्चर्य मला स्पष्ट दिसलं. त्यांनाही ते आजच कळत होतं.

“टेबल वाजवू नका,” साहेब म्हणाले. “हा काय तमाशा आहे?”

हात मांडीवर गेला. शब्द अडले. मग मला टेबलाखाली बुटाचा आवाज ऐकू आला, फरशीवर, अगदी हळू. “मु. लांना. मी...”

दांगट वाकून टेबलाखाली बघत म्हणाले, “पायही नको.”

पाय थांबला. इब्राहिमभाईंनी खिशातून कपटा आणि पेन्सिल काढली. दांगट म्हणाले, “ही तोंडी परीक्षा आहे.” कपटा परत खिशात गेला.

साहेबांनी त्यांचा अर्ज चाळला, नाव पुन्हा वाचलं. आवाज मऊ करून म्हणाले, “घरी उर्दू बोलता ना? त्यामुळे मराठी जमत नाही. साहजिक आहे.”

ज्यानं माझी वेलांटी दुरुस्त केली होती त्याला हे म्हणत होते. इब्राहिमभाईंनी साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं.

“हे नेहमी असेच बोलतात का?”

वर्गात नाही साहेब, एकदा वर्गात चला, पाच मिनिटं ऐका. एवढं बोलायला फार तर दोन श्वास लागले असते. मी तोतरा नव्हतो.

“हो,” मी म्हणालो.

साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं. ‘वाचेत दोष. मराठीचं ज्ञान अपुरं. अध्यापनास अपात्र.’ माझ्या अक्षरात. खाली तिघांनी सह्या केल्या.

निकाल लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं साहेबांचं आधीच ठरलेलं होतं, आणि मी तसं वाटू दिलं. इब्राहिमभाईंनी पुण्याला चार पानी अर्ज पाठवला. तो मी पाहिला आहे. शाळेतल्या कुणाही मराठी शिक्षकाला, मला धरून, तसं लिहिता आलं नसतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की पुनर्विचार होणार नाही. आणि तोंडी परीक्षा पाहता हा अर्ज अर्जदारानं दुसऱ्याकडून लिहून घेतलेला दिसतो, असंही त्यात होतं.

जूनच्या आधी एकदा बिबिजानभाभी शाळेच्या फाटकाशी उभ्या दिसल्या. मला बघून पुढं आल्या.

“सावळेरामभाऊ, तुमी तिथं व्हता ना? काय झालं ते तरी सांगा. पुण्याचा कागद आल्यापासनं ते बोलाया तर न्हाईतच, पर लिवाया बी न्हाईत. पाटी पुढं सरकवली तर मागं सारतात.”

“साहेबांनी कुणाचं ऐकलंच नाही, भाभी.”

“तुमी काय तरी बोलला असाल की त्यांच्या बाजूनं.”

“माझं कोण ऐकतं?”

त्यांनी ते खरं मानलं. मी ट्रेनिंगला पुण्याला निघालो त्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी माझ्यासाठी रव्याच्या लाडवांचा डबा पाठवला. एसटी नारायणगावला पोचायच्या आत मी तो शेजारच्या बाईच्या मांडीवरल्या पोरांना वाटून टाकला. डबा मात्र धुऊन ठेवला. तो परत करायला जायला मला वर्ष लागलं.

मी परत आलो तोवर इब्राहिमभाई पेठेमागच्या गल्लीत पुस्तकं बांधायला लागले होते. कचेरीची दप्तरं, देवळांच्या वह्या, शाळांची रजिस्टरं. खळीचं भांडं, पुठ्ठे, दाभण आणि एक दगडी वजन, एवढा पसारा. बोलायची गरज नव्हती. गिऱ्हाईक वही टाकायचं, ते बोटांनी दिवस दाखवायचे. शाळेत त्यांच्या जागी पुण्याचे एक डिग्रीवाले आले होते. सज्जन माणूस. पण दुसऱ्या वर्षी मी दहावीच्या वर्गाबाहेरून गेलो तेव्हा पोरं ‘पोस्टमास्टर’ पुन्हा सपाट म्हणत होती, तीनही तुकडे सारखेच. जुनी पोरं कधी बाकावर बोट आपटत, तेव्हा दांगट छडी काढत. थोड्याच दिवसांत ते बंद झालं.

१९५९ च्या उन्हाळ्यात दांगटांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांची मधली मुलगी प्रयाग मॅट्रिक झाली होती. हुशार पोर. पुण्याला टेलिफोन ऑपरेटरच्या जागा निघाल्या होत्या. तिला बोलावणं आलं होतं, पण तिथं इंग्रजीची आवाजाची परीक्षा होती. शब्द कानावर स्पष्ट पडला पाहिजे, जोर नेमका पाहिजे.

“डिग्रीवाल्यांना हे जमत नाही,” दांगट खाली बघत म्हणाले. “तुमची आणि कागदींची ओळख आहे. माझ्याबरोबर चला.”

दुपारची वेळ होती. गल्लीत ऊन रणरणत होतं. इब्राहिमभाई रजिस्टरला टाके घालत होते. दांगट बाहेरच्या पायरीवर बसले. दुसरी जागा नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. महिनाभर, रोज एक तास, मुलगी तुमच्या घरी येईल किंवा तुम्ही आमच्याकडे या. बोलताना एकदा ‘झालं गेलं’ असंही म्हणाले.

इब्राहिमभाईंनी दाभण ठेवलं. हात पुसले आणि दोन्ही गुडघ्यांवर ठेवले, तळवे खाली, बोटं पसरून. कपटा घेतला नाही. बोट हलवलं नाही. बोलायला सुरुवात केली.

“म... म... म...”

“माझी हरकत नाही?” दांगट म्हणाले.

इब्राहिमभाईंनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “मा... माझ्या...”

“माझ्याकडे वेळ नाही म्हणता?”

पुन्हा पहिल्यापासून. दांगट जितके वेळा मधे बोलले तितके वेळा ते मागं जाऊन ‘मा’पासून निघाले. शेवटी दांगट गप्प झाले. पायरीवर उन्हात बसून त्यांना ते सबंध वाक्य ऐकावं लागलं. घाम त्यांच्या कॉलरमध्ये उतरला होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाक्य असं होतं: “माझ्या वाचेत दोष आहे असं तुम्ही सही करून दिलंय. तो मुलीला लागेल.”

दांगट उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले. मी मागं राहिलो.

आतून बिबिजानभाभी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पर त्या पोरीनं काय केलंय?” त्या म्हणाल्या. “बाप वंगाळ म्हणून लेकीला शिक्षा व्हय?”

इब्राहिमभाई दाभणात दोरा ओवायला लागले. तो ओवता येईना.

प्रयाग पुण्याला जाऊन आली. तिला घेतलं नाही. पाऊस लागायच्या आत तिचं लग्न लावून दिलं, घोडेगावच्या पलीकडे, भीमाशंकरच्या वाटेवर कुठंतरी. ती आमच्या शाळेच्या पहिल्या मुलींपैकी एक. तिच्या तोंडून मी पाठ म्हणून घेतले होते, आणि ते ऐकताना ही पोरगी पुढं कुठंतरी जाईल असं मला वाटलं होतं. इब्राहिमभाईंना लग्नाचं कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही, असं भाभींनी मला सांगितलं.

पावसाळा सरल्यावर शाळेची हजेरीची रजिस्टरं बांधून घ्यायला मी गेलो. दुकानात ते एकटेच होते. तीन वर्षं जे पोटात होतं ते मी त्या दिवशी बोललो. का त्याच दिवशी, माहीत नाही.

“इब्राहिमभाई, त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हणालो. मला वर्गातलं सांगता आलं असतं.”

त्यांनी पाटी पुढं ओढली. लिहायला फार वेळ घेतला नाही.

‘मी तिथंच होतो, ऐकलं. मराठी मी नेहमी तसंच बोलतो, आपण खोटं बोलला नाहीत. खोटं बोलला असता तर मला आपल्याशी भांडता आलं असतं.’

मी वाचलं. त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि बांधलेली रजिस्टरं माझ्यासमोर ठेवली. चार होती. काम नेहमीसारखंच नेटकं.

त्यानंतर शाळेची रजिस्टरं मी नारायणगावला बांधायला देऊ लागलो.